वाळवंटातील द्राक्षमळा आणि आपला किद्दुशचा प्याला

(सिनेगॉगच्या सभागृहात सहलीपूर्वी झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन. शेवटची प्रश्नोत्तरे संक्षिप्त केली आहेत.)



पुढील महिन्यात आपली काही कुटुंबे नेगेवच्या पठारावरील एक लहान वाइनरी पाहावयास जाणार आहेत. तेथे काय पाहावे, काय विचारावे आणि चाखताना आपल्या धर्मनियमांचे पालन कसे करावे, याविषयी दोन शब्द सांगावेत अशी सूचना समितीने केली. हा विषय केवळ सहलीपुरता नाही. शुक्रवारी संध्याकाळी आपण ज्या प्याल्यावर किद्दुश म्हणतो, त्या प्याल्यात काय असावे, हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे. आपल्या पूर्वजांनी कोकणात त्याचे जे उत्तर शोधले, ते आज तरुण मंडळींना ठाऊक असतेच असे नाही.

कोकणात द्राक्षे नव्हती

नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज उतरले, त्यांनी तेलाचे घाणे चालविले, शनिवारी घाणा बंद ठेवला आणि म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले, ही परंपरा आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण त्या प्रदेशात द्राक्ष नव्हते, याचा विचार आपण क्वचितच करतो. अलिबागेच्या परिसरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. द्राक्षाच्या वेलीला इतका पाऊस सोसत नाही. पानांवर भुरी आणि केवडा पडतो, मणी फुटतात, घड कुजतात. तेथे नारळ, सुपारी, भात आणि आंबा होतो. द्राक्षारस होत नाही.

मग किद्दुश कशावर करावयाचा? आपल्या वडीलधाऱ्यांनी काळ्या मनुका घेतल्या. त्या धुऊन पाण्यात भिजविल्या, हाताने कुस्करल्या, पातळ फडक्यातून गाळल्या आणि तेच सरबत शब्बाथला व पेसहच्या चार प्याल्यांना वापरले. कोणी मनुका रात्रभर भिजवीत, कोणी थोड्या उकळीत. घराघरांची रीत वेगळी. बाहेरचे लोक कधी कधी याला ‘गरिबाची सोय’ समजतात. ते बरोबर नाही. मनुकांच्या रसावर किद्दुश चालतो हे तल्मूदच्या बाबा बात्रा प्रकरणात आले आहे, आणि शुल्हान आरूखनेही ते मान्य केले आहे. अट एवढीच, की मनुकांत ओलावा शिल्लक असावा. दाबल्या असता त्यांतून रस निघावा. पुढील पंडितांनी असेही म्हटले, की मनुकांचे प्रमाण पाण्याच्या सहाव्या हिश्श्याहून अधिक असावे, नाहीतर ते केवळ रंगीत पाणी होईल. म्हणजे आपल्या आजीच्या पातेल्यातील सरबतावर ‘बोरे पेरी हग्गाफेन’ हीच ब्राखा म्हटली जाते. बाटलीतील महागड्या वाइनवरही हीच ब्राखा.

वाळवंटात द्राक्ष येते तरी कसे?

कोकणात पाऊस अति झाला म्हणून द्राक्ष नाही. नेगेवमध्ये तर पाऊस नाहीच. स्दे बोकेर आणि अवदात यांच्या आसपास वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. कोकणातल्या आषाढात एवढा पाऊस एका दिवसातही होतो. तरीही तेथे द्राक्ष येते. त्याची कारणे समजून घेतली तर सहलीत दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ लागेल.

पहिले कारण उंची. नेगेवचे पठार समुद्रसपाटीपासून पाचशे ते नऊशे मीटर उंच आहे. उन्हाळ्यात दिवसा ऊन कडक असते, पण सूर्य मावळला की हवा झपाट्याने थंड होते. दिवसाच्या उन्हाने मण्यांत साखर भरते आणि रात्रीच्या गारव्याने त्यांतील आंबटपणा टिकून राहतो. साखर आणि आंबटपणा यांचा तोल हाच चांगल्या द्राक्षारसाचा पाया. तोडणीही बहुधा रात्री किंवा पहाटे करतात, कारण उन्हात तापलेले घड टोपलीतच आंबू लागतात.

दुसरे कारण कोरडी हवा. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला विचारा. ढगाळ हवामान आणि अवकाळी पाऊस म्हणजे त्याची झोप उडालीच. केवड्याच्या भीतीने फवारणीमागून फवारणी करावी लागते. वाळवंटात ही भीती फार कमी. शिवाय नाशिकला वेल कधी पूर्णपणे झोपत नाही. म्हणून तेथे एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुमारास अशा दोन छाटण्या करतात आणि पीक जानेवारी ते मार्चमध्ये घेतात. नेगेवमध्ये हिवाळा खरा हिवाळा असतो. वेल पाने गाळून विश्रांती घेते, वसंतात फुटते आणि पीक उन्हाळ्याच्या उत्तरार्धात येते.

तिसरे कारण पाणी, आणि येथे माणसाची बुद्धी कामाला आली. आज बहुतेक मळ्यांत ठिबकनळ्या दिसतील. काही ठिकाणी खोल विहिरींचे मचूळ पाणीही वापरतात. थोडे खारट पाणी आणि मोजके पाणी मिळालेली वेल लहान मणी धरते. लहान मण्यात गराच्या मानाने साल अधिक, आणि रंग व तुरटपणा सालीतच असतो.

प्राचीन बांध

पण ठिबकनळीच्या पंधरा शतके आधीही तेथे द्राक्षमळे होते. बसमधून जाताना कोरड्या ओढ्यांच्या पात्रांत दगडी बांधांच्या ओळी दिसतील, त्या याच्याच खुणा. तेथील लोएस मातीवर पाऊस पडला की वरचा थर घट्ट होतो, पाणी आत मुरत नाही, उतारावरून वाहून जाते. जुन्या शेतकऱ्यांनी हे वाहते पाणी चर काढून खालच्या शेतात आणले. एका एकर शेतासाठी वीस ते तीस एकर उताराचे पाणी ते घेत. हिशेब सोपा आहे. उतारावरील शंभर मिलिमीटर पावसाचा सहावा-सातवा हिस्सा जरी वाहून आला, तरी शेताला स्वतःचे शंभर धरून चारशे-पाचशे मिलिमीटर पावसाइतके पाणी मिळते. 1950च्या दशकाच्या अखेरीस मायकेल एव्हेनारी या वनस्पतिशास्त्रज्ञाने अवदात आणि शिव्ता येथील अशी शेते जुन्या पद्धतीने पुन्हा उभी केली आणि ही रीत खरोखर चालते हे दाखवून दिले. पुढे 1990च्या दशकाच्या अखेरीपासून त्या परिसरात लहान लहान वाइनऱ्या निघाल्या. त्यांपैकी कार्मेई अवदातचे मळे प्राचीन शेतांच्या पायऱ्यांवरच आहेत.

अवदात, शिव्ता, हालुझा आणि मामशीत ही मूळची नबाती लोकांची नगरे. दक्षिण अरबस्तानातून धूप आणि गंधरस घेऊन उंटांचे तांडे येथून गाझा बंदराकडे जात. या मार्गावरील नगरांना 2005मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. इसवी सनाच्या चौथ्या ते सातव्या शतकांत, बायझंटाइन राज्यात, तेथे द्राक्षारसाचा मोठा व्यवसाय झाला. दगडात कोरलेली द्राक्षकुंडे आजही पाहावयास मिळतात. मधला सपाट चौथरा, तेथे घड पायांनी तुडवावयाचे. एका बाजूस नळी, आणि नळीखाली रस साठविण्याचे कुंड. आपल्या घाण्यात बैल फिरत असे, येथे माणसे फिरत. पण वरून दाब आणि खालून रस, ही युक्ती तेल्याच्या लेकरांना समजावून सांगावी लागणार नाही. हा द्राक्षारस उंच, निमुळत्या मडक्यांतून गाझाहून भूमध्य समुद्रापार जात असे. हे बनविणारे लोक बहुतांशी ख्रिस्ती होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

हा व्यापार पुढे का आटला? संशोधकांनी त्या नगरांच्या उकिरड्यांतील धान्य आणि द्राक्षबिया मोजल्या. 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की सहाव्या शतकाच्या मध्यापर्यंत द्राक्षबियांचे प्रमाण वाढत गेले आणि नंतर घसरले. त्याच सुमारास, 541मध्ये, जस्टिनियनच्या काळातील प्लेग पसरला आणि बाजारपेठा मोडल्या. केवळ दूरच्या गिऱ्हाइकावर उभी राहिलेली शेती गिऱ्हाईक गेले की कोसळते, हे महाराष्ट्रातील द्राक्ष निर्यातदारही जाणतात.

आणि त्याही आधीची एक गोष्ट. नेगेवच्या उत्तर सीमेवर तेल अराद येथे यहूदाच्या राज्याचा किल्ला होता. तेथे उत्खननात खापरांवर शाईने लिहिलेली हिब्रू पत्रे सापडली. ती इ.स.पू. 600च्या सुमाराची, म्हणजे पहिले मंदिर उभे असतानाची. किल्ल्याच्या कोठाराचा अधिकारी एल्याशीव याला पाठविलेल्या पत्रांत कित्तीम नावाच्या भाडोत्री शिपायांना किती ‘बात’ द्राक्षारस आणि किती पीठ द्यावे याचे हुकूम आहेत. बात हे वीसेक लिटरांचे माप. भविष्यवाणी नाही, स्तोत्र नाही. रोजच्या शिध्याचा हिशेब. म्हणूनच ती खापरे वाचताना आपला माणूस बोलतो आहे असे वाटते. आज त्याच तेल अरादजवळ 2000मध्ये स्थापन झालेली यातीर वाइनरी आहे.

वाइनरीत गेल्यावर

लहान वाइनरीत पाहण्याजोग्या गोष्टी चार. मळा, गाळपाची जागा, आंबविण्याच्या पोलादी टाक्या आणि ओकची पिंपे. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच सालींपासून वेगळा करतात. तांबड्यासाठी साली रसातच ठेवून आंबवितात, म्हणून रंग उतरतो. मग चोथा दाबून काढतात. पिंपात वाइन महिनोन्‌महिने राहते आणि लाकडाचा वास घेते.

चाखण्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो: आधी पांढरी, मग गुलाबी, मग तांबडी, शेवटी गोड. आधी रंग पाहावा, मग पेला हलवून वास घ्यावा, मग लहान घोट तोंडात फिरवावा. वर्णन करण्यास परकी शब्द शोधण्याची गरज नाही. जिभेच्या कडांना कोकमासारखे पाणी सुटले तर तो आंबटपणा. कच्चे जांभूळ खाल्ल्यावर तोंड आवळते तसे झाले तर तो तुरटपणा; तो साली, बिया आणि लाकूड यांतून येतो. नाशिक आणि नेगेव या दोन्ही ठिकाणी शेनिन ब्लाँ हे द्राक्ष लावतात. ज्यांनी नाशिकची चव घेतली असेल, त्यांनी तुलना अवश्य करावी.

धर्मनियम

आता महत्त्वाचा भाग. द्राक्षांचे गाळप झाल्यापासून बाटली बंद होईपर्यंत कोशर वाइनला केवळ शब्बाथ पाळणाऱ्या यहुद्याचा हात लागावा असा नियम आहे. म्हणून टाकीच्या किंवा पिंपाच्या तोटीला पाहुण्यांनी हात लावू नये. तेथील माणसाने थांबविले तर तो अपमान मानू नका. तो त्या पिंपाची राखण करीत आहे. जी वाइन तापवून घेतलेली असते तिला ‘मेवुशाल’ म्हणतात. तिच्या बाबतीत ही अडचण राहत नाही. नेगेवमधील प्रत्येक लहान वाइनरी कोशर असतेच असे नाही. प्रमाणपत्र भिंतीवर आहे का हे पाहावे, आणि ज्या बाटलीची चव देत आहेत तिच्यावर शिक्का आहे का हेही पाहावे.

इस्राएलच्या भूमीत पिकणाऱ्या द्राक्षाला आणखी काही नियम लागू होतात. नव्या वेलीची पहिल्या तीन वर्षांची फळे ‘ओर्ला’, ती वर्ज्य. चौथ्या वर्षाच्या फळांना वेगळे नियम. दशमांशाच्या स्मरणार्थ प्रत्येक वाइनमधून एक टक्क्याहून थोडा अधिक भाग बाजूला काढून ओतून देतात. सातव्या वर्षी श्मिता. मागचे श्मिता वर्ष 2021-22, पुढचे 2028-29. लहान शेतकऱ्याला हे सारे पाळणे सोपे नसते. तीन वर्षे खर्च करावयाचा, घड लागले तरी तोडून टाकावयाचे आणि चौथ्या वर्षाकडे डोळे लावून बसावयाचे. त्याच्याशी बोलताना हे ध्यानात ठेवा.

चाखताना ब्राखा कशी म्हणावी? घोट गिळणार असाल तर आधी ‘हग्गाफेन’ म्हणावी. केवळ चव घेऊन थुंकणार असाल तर ब्राखा नाही. दोघे किंवा अधिक जण एकत्र पीत असताना पहिल्या वाइननंतर दुसरी, तिच्यापेक्षा हलकी नसलेली वाइन आणली, तर ‘हत्तोव वेहम्मेतिव’ ही ब्राखा आहे. जो चांगला आहे आणि चांगले करतो त्याचे आभार. मात्र सर्व बाटल्या प्रथमपासून समोर मांडलेल्या असतील तर उत्तम वाइनवर ‘हग्गाफेन’ म्हणावी, दुसरी ब्राखा नाही. ही ब्राखा एकट्याने पिण्यावर नाही, सोबतीने पिण्यावर आहे, हे मला फार मोलाचे वाटते. शेवटची ब्राखा रिव्हीईत एवढे, म्हणजे प्रचलित मापाने सुमारे 86 मिलिलिटर प्याल्यावर लागते. चाखण्याचे घोट लहान आणि वेळ लांब असल्याने येथे शंका उद्भवते. आपल्या रब्बींना आधीच विचारून ठेवावे.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: मुलांना न्यावे का?

उत्तर: जरूर न्यावे. त्यांना मळा आणि द्राक्षकुंड दाखवा. त्यांच्यासाठी द्राक्षाचा न आंबविलेला रस मागा. त्यावरही हीच ब्राखा आहे. गाडी चालविणाऱ्यानेही तोच घ्यावा.

प्रश्न: आता दुकानात कोशर वाइन सहज मिळते. मग मनुकांचे सरबत करण्याचे कारण काय?

उत्तर: नियम म्हणून सक्ती नाही. पण ज्या घरात सरबत करतात तेथे गुरुवारी रात्री मनुका भिजतात, शुक्रवारी मुले त्या कुस्करतात, आणि शब्बाथ येत आहे हे त्यांच्या हातांना कळते. बाटली उघडताना हे होत नाही. मोठ्यांनी वाइन घ्यावी, पण महिन्यातून एक शुक्रवार सरबताचा ठेवावा, असे माझे सुचविणे आहे. सांगलीकडचा बेदाणा मिळाला तर तो घ्या, नाहीतर काळ्या मनुका घ्या. आतून सुकून दगड झालेल्या तेवढ्या घेऊ नका.

प्रश्न: माझा भाचा सौदी अरबस्तानात खमीस मुशैत येथे इस्पितळात नोकरीला लागला आहे. तेथे दारूला बंदी आहे. तो शब्बाथला काय करणार, ही त्याच्या आईला चिंता आहे.

उत्तर: चिंतेचे कारण नाही. असीरच्या डोंगरात सुमारे दोन हजार मीटर उंचीवर हे शहर आहे. ‘खमीस’ म्हणजे गुरुवार; तेथे गुरुवारचा बाजार भरत असे. आपल्या ‘योम हमीशी’चाच हा भाऊ. त्या डोंगरांत पायऱ्यापायऱ्यांची शेती आहे, आणि उत्तरेकडील ताइफ तर प्राचीन काळापासून द्राक्षांसाठी नावाजलेले. म्हणजे द्राक्ष त्या देशाला परके नाही, केवळ दारू वर्ज्य आहे. आपण ज्या धुपाच्या मार्गाविषयी बोललो तो त्या डोंगरांच्या पूर्वेकडून, नजरानवरून उत्तरेस येत असे. त्या नजरानमध्ये 1949पर्यंत यहुदी राहत होते. त्या वर्षी ते एडनमार्गे इस्राएलला आले. तेव्हा त्या मुलुखात किद्दुश म्हणणारा तुमचा भाचा पहिला नव्हे.

त्याने ज्या देशाचे अन्न खावे त्या देशाचा कायदा पाळावा. वाइन नेण्याचा किंवा घरी बनविण्याचा विचारही करू नये. मनुका मात्र तेथे कोणत्याही वाण्याकडे मिळतील. गुरुवारी रात्री वाटीभर मनुका धुऊन दोन-तीन वाट्या पाण्यात भिजवाव्यात, भांडे थंड जागी ठेवावे, शुक्रवारी कुस्करून गाळावे आणि त्याच संध्याकाळी वापरावे. दिवसेंदिवस ठेवू नये, कारण ते आंबू लागते, आणि आंबलेले पेय तेथे गुन्हा ठरेल. मनुका न मिळाल्या तर शब्बाथ संध्याकाळचा किद्दुश भाकरीवरही करता येतो. शुल्हान आरूखमध्ये ती सोय आहे. आईला सांगा, पहिल्या खेपेस त्याच्या पेटीत काळ्या मनुकांची एक पुडी आणि कृतीचा कागद ठेवावा. बाकीचे तो करील.

शब्बाथ शालोम.